तालुक्याच्या गावात कर-सल्ल्याचं ऑफिस : पाटी लावण्यापासून वसुलीपर्यंत

ऑफिस उघडलं त्या दिवशी पहिला माणूस आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "साहेब कधी येतात?" मी म्हटलं, "साहेब नाहीत. ऑफिस माझंच आहे." "असू द्या, बसतो थोडा वेळ," म्हणून तो पंख्याखाली अर्धा तास साहेबांची वाट बघत बसला. आज त्याच्या दोन दुकानांचे हिशोब माझ्याकडे आहेत.

सात वर्षं लातूरला एका सीएंच्या ऑफिसात काम केलं आणि २०१९ मध्ये उदगीरला स्वतःचं टाकलं. मी सीए नाही, बीकॉम आहे. परभणी, हिंगोली, बीडकडच्या मुला-मुलींचे फोन येतात : "ताई, आम्हाला पण असंच ऑफिस टाकायचंय, कुठून सुरू करू?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी एक सांगते. तालुक्याच्या गावात काम मिळत नाही हा गैरसमज आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून कृषी सेवा केंद्रापासून पत्र्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांना कुणीतरी लागतंच. काम भरपूर आहे. गाडी अडते ती पैशाच्या बोलण्यापाशी. तो भाग सहाव्या पायरीत आहे, घाई असेल तर आधी तोच वाचा.

१. काय करणार आणि काय नाही, हे कागदावर लिहा

सीए नसलेल्या माणसाला काय करता येतं? खातेवही लिहिणं, जीएसटी रिटर्न, आयकर रिटर्न, उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), गुमास्ता (दुकान-ऑफिसची नोंद), व्यवसाय कर, फूड लायसन्स, बँकेच्या कर्जासाठी कागद जुळवून देणं. एवढ्यावर दोन माणसांचं ऑफिस आरामात चालतं.

ऑडिट रिपोर्ट आणि सीएच्या सहीचं प्रमाणपत्र हे आपलं काम नाही. इथे पहिला खड्डा आहे. बँकेत फाइल अडकलेला माणूस म्हणतो, "मॅडम, फक्त एक शिक्का बघा की कुणाचा तरी." बघायचा नाही. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा १८ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो आणि बँकवाला तो बसल्या जागी ऑनलाइन तपासतो. त्यापेक्षा जवळच्या एका सीएशी सरळ बोलून ठेवा, ऑडिटचं गिऱ्हाईक उघडपणे त्यांच्याकडे पाठवा. माझे जुने साहेब आजही ऑडिटच्या फाइली बघतात, खातेवही माझ्याकडेच राहते.

जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंद मात्र करून घ्या. बीकॉम, एलएलबी, बीबीए असं शिक्षण चालतं, अर्ज जीएसटीच्या पोर्टलवरच होतो. नोंद टिकवायची तर परीक्षा द्यावी लागते : १०० प्रश्न, अडीच तास, निम्मे गुण मिळाले की पास. गिऱ्हाइकाच्या लॉगिनमधून ओटीपी विचारून रिटर्न भरणारे गल्लोगल्ली आहेत. पण त्याला नोटीस आली आणि अधिकाऱ्यापुढे त्याच्या वतीने बोलायची वेळ आली, की ही नोंद नसेल तर तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर.

२. दोन वर्षं दुसऱ्याकडे काढा

कमीत कमी दोन मार्च आणि दोन दिवाळ्या. क्लासमध्ये टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकवतात. पण आडत्याची पट्टी, त्यातली हमाली-तोलाई, कच्ची चिठ्ठी आणि पक्कं बिल यातला फरक कुणी शिकवत नाही. आणि निघताना साहेबांच्या गिऱ्हाइकांची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन निघू नका. गाव लहान आहे.

३. जागा

मी हौसेने दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली होती, भाडं कमी म्हणून. माझी निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची. एक अप्पा जिन्याखाली उभे राहून फोन करायचे, "बाई, तुम्हीच या की खाली." वर्षभर फाइली घेऊन खाली-वर केलं आणि मग तळमजल्यावर, मागच्या बाजूला का होईना, छोटा गाळा घेतला.

भाडेकरार ११ महिन्यांचा केला तर नोंदणी लागत नाही, असं घरमालक सांगतील. महाराष्ट्रात ते खरं नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. घरूनच सुरू करणार असाल तर लाइट बिल ज्याच्या नावावर आहे त्याचं संमतिपत्र लागतं. सासऱ्यांची सही आधीच घेऊन ठेवा.

पाटी मराठीत, देवनागरीत. खाली इंग्रजी टाकायचं तर टाका, पण मराठीपेक्षा मोठ्या अक्षरात नाही. २०२२ पासून हा नियम लहान दुकानांनाही आहे.

इन्व्हर्टर पहिल्या दिवशी घ्या. एसी नंतर. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, २० तारखेला संध्याकाळी पोर्टल गोल गोल फिरत असतं, बाहेर चार माणसं बसलेली असतात आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. इंटरनेट दोन कंपन्यांचं ठेवा, एक वायरचं आणि एक मोबाइलचं.

४. नोंदण्या, या क्रमाने

आधी हे कागद एका फाइलमध्ये लावा :

- पॅन आणि आधार. आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का, ते आजच बघा. निम्मी कामं इथेच अडतात.
- फोटो आणि पदवीचं प्रमाणपत्र
- जागेचं लाइट बिल आणि भाडेकरार किंवा संमतिपत्र
- ऑफिसचा पाटीसकट फोटो
- बचत खात्याचा रद्द केलेला चेक

मग पुढचं.

गुमास्ता : दोन-चार माणसांच्या ऑफिसला आता परवाना असा नसतो. २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे काम सुरू केल्यापासून ६० दिवसांत कामगार खात्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, फॉर्म 'एफ'. पावती मिळते तोच तुमचा गुमास्ता. तो 'लॅमिनेट करून, सही-शिक्क्यासह' आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

उद्यम : पूर्ण फुकट. आधार आणि पॅनवर होते, आणि नूतनीकरण असा प्रकार यात नाही. तरीही नाव शोधलं की सरकारी वाटाव्यात अशा खाजगी साइट वर येतात, फॉर्म भरून घेतात आणि शेवटी पैसे मागतात. माझ्याकडे आलेल्या एका फोटोग्राफरने अशाच साइटवर पैसे भरले होते, आणि नोंदणी झालीच नव्हती. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे का, एवढं बघा.

व्यवसाय कर : हा आपल्या लोकांच्या डोक्यातून हमखास निसटतो. स्वतःचा पीटीईसी नंबर काढायचा आणि वर्षाला २,५०० रुपये, सहसा ३० जूनपर्यंत, भरायचे. दुसऱ्यांचे कर भरणाऱ्या माझाच पहिल्या वर्षीचा राहिला होता, व्याजासकट भरला.

चालू खातं : एकट्याच्या धंद्याच्या नावाने खातं काढायला बँक दोन पुरावे मागते. गुमास्त्याची पावती आणि उद्यम मिळून काम होतं, म्हणून बँक शेवटी.

स्वतःचा जीएसटी : सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही. मालाच्या दुकानाला ४० लाखांची मर्यादा आहे, ती आपल्याला लागू नाही, गोंधळ करू नका. नुसत्या रुबाबासाठी नंबर घेतला तर तुमच्या ५०० रुपयांच्या बिलावर ९० रुपये कर चढतो, आणि ते ९० रुपये आपल्या भागात कोण देतं ते घेऊन बघा.

५. सामान

एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर, दोन स्क्रीन, स्कॅनरवाला प्रिंटर, परवान्याची टॅली. चोरीची टॅली घेऊ नका. मार्चमध्ये डेटा उडाला की रडायला जागा नसते. बॅकअप दोन जागी. लोखंडी कपाट.

६. फी

आता मूळ मुद्दा.

पहिलं वर्षभर कुणी विचारलं, "किती द्यायचे?" की मी म्हणायची, "द्या की तुम्हाला वाटेल ते." घरच्या वळणाने तोंडातून तसंच निघायचं. एका कृषी सेवा केंद्रवाल्या काकांचं ११ महिने रिटर्न भरलं. मार्चच्या शेवटी ते आले, पाच किलो तुरीची डाळ टेबलावर ठेवली. "घरची आहे, ताई. पॉलिश नाही." डाळ खरंच चांगली होती. मी आभार मानले, ते चहा पिऊन गेले, आणि हिशोब झाला असं त्यांनी मनापासून धरलं. चूक त्यांची नव्हती, मी कधी आकडाच सांगितला नव्हता.

त्या एप्रिलपासून एक पानाचा मराठी कागद केला. त्यात चारच गोष्टी आहेत : कोणतं काम, महिन्याची फी, बिलं कधी आणून द्यायची, उशीर झाला तर दंड कुणाचा. शेवटची दोन वाक्यं जशीच्या तशी अशी आहेत : "बिलं ७ तारखेपर्यंत दिली आणि तरी रिटर्नला उशीर झाला तर विलंब शुल्क माझ्याकडे. बिलं त्यानंतर आली तर शुल्क तुमच्याकडे." खाली दोघांच्या सह्या. कागद पुढे केल्यावर चार-पाच जण उठून गेले. त्यातले दोघे परत आले.

आकडा कसा ठरवायचा? बिलं मोजा, उलाढाल नाही. दिवसाला दोन मोठी बिलं फाडणाऱ्या सिमेंटवाल्यापेक्षा ४० बारकी बिलं फाडणारा स्टेशनरीवाला तुमचा जास्त वेळ खातो. मी महिन्याला ५०० पासून सुरू केलं होतं. कमीच होतं, आणि एकदा सांगितलेली फी वाढवताना जीभ अडखळते. तेव्हा कागदावरच लिहा : दर एप्रिलला फी नव्याने ठरेल.

सरकारी फी वेगळी सांगा, आपली वेगळी. जीएसटी नंबरची सरकारी फी शून्य आहे, उद्यमचीही शून्य. "सरकारी शून्य, माझे इतके," असं तोंडावर सांगायला सुरुवातीला धाडस लागतं. पण "सरकारी दोन हजार लागतात" म्हणून घेतलेले पैसे कधीतरी त्याच्या बारावीतल्या मुलाला मोबाइलवर दिसतात.

नातेवाईक? चुलत दिरांचं काम फुकट केलं तर मामेभावालाही फुकट करावं लागतं. मी घरच्यांना निम्मा दर ठेवला आहे आणि तो सगळ्यांना एकच आहे. सुरुवातीला दोन लग्नांत माझ्याशी नीट कुणी बोललं नाही.

७. ओटीपी, पासवर्ड आणि दुसऱ्याचा मोबाइल

जीएसटी नंबर काढताना मोबाइल आणि ईमेल गिऱ्हाइकाचाच टाका. त्याला ईमेल नसेल तर त्याच्या फोनवर काढून द्या. सोय म्हणून स्वतःचा नंबर टाकणारे बरेच आहेत. असंच एक दुकान माझ्याकडे आलं : आधीचा सल्लागार गाव सोडून गेलेला, नोंदणीत नंबर त्याचा, नोटिसा त्याला, आणि सहा महिने रिटर्न नाही म्हणून नोंदणी रद्द झालेली. दुकानदाराला पत्ताच नाही. आधी अधिकाऱ्याकडे कागद देऊन मोबाइल बदलून घेतला, मग राहिलेली रिटर्न दंडासकट भरली, तेव्हा नोंदणी जिवंत झाली. नोंदणी परत मिळवायचा अर्ज रद्द झाल्याच्या आदेशापासून ९० दिवसांत करावा लागतो, हे डोक्यात ठेवा.

आता माझी स्वतःची चूक. २०२२ चा जून. मृगाचा पाऊस पडला होता आणि माझं एक गिऱ्हाईक शेतात पेरणीवर. ३बी (कर भरायचं महिन्याचं जीएसटी रिटर्न) तयार केलं, ओटीपीसाठी फोन लावला, रेंज नाही. "संध्याकाळी बघू," म्हटलं आणि दुसऱ्या फाइलीत डोकं घातलं. वहीत मात्र आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली. ११ जुलैला त्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायला गेले तर पोर्टल घेईना, कारण मागचं ३बीच गेलेलं नव्हतं. २१ दिवस, रोजचे ५० रुपये, १,०५० रुपये, शिवाय करावरचं व्याज. कागदातल्या वाक्याप्रमाणे ते मी भरले. तेव्हापासून एआरएन, म्हणजे रिटर्न गेल्याचा पोच नंबर, हातात आल्याशिवाय वहीत खूण होत नाही.

८. तारखा भिंतीवर लावा

११ ला महिनेवाल्यांचं जीएसटीआर-१, २० ला ३बी. तिमाहीवाल्यांचं १३ आणि २२. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचं कराचं चलन २५ ला. टीडीएस (पैसे देताना कापून घेतलेला कर) ७ तारखेला. विक्री नसली तरी रिटर्न लागतंच, "धंदाच नाही तर कशाला भरू?" हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं. शून्य रिटर्नलाही रोजचे २० रुपये लागतात. आणि तीन वर्षं उलटली की ते रिटर्न भरताच येत नाही, पोर्टल बंद करतं.

उदगीर, देगलूर, उमरगा अशा सीमेवरच्या गावांसाठी एक जास्तीची सूचना. बिदर-भालकीचा माणूस इथून माल नेतो, चेहरा ओळखीचा असतो, आणि दुकानदार सवयीने सीजीएसटी-एसजीएसटीचं, म्हणजे राज्यातल्या विक्रीचं बिल फाडतो. नेणाऱ्याचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो की २९ ने, ते बघायला शिकवा. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ म्हणजे कर्नाटक, आणि माल तिकडे जाणार असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांतल्या विक्रीचा कर. चुकलं तर बरोबर कर पुन्हा भरून चुकीचा परत मागता येतो, पण तोवर रक्कम अडकते.

आयकराचं एक : १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा कायदा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले. १९४जे, ४४एडीए असं झोपेत बडबडणाऱ्या आम्हा लोकांची पंचाईत झाली. तुम्ही नवे आहात, तुम्ही सरळ नवेच आकडे शिका.

९. वसुली

कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, आणि लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. एमआयडीसीतल्या कंपनीचं काम घेतलंत तर हे नक्की वापरा. बिलावर उद्यम नंबर छापा, तेवढ्यानेही अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात. कंपनीने वर्षात ५०,००० च्या वर फी दिली तर १० टक्के टीडीएस कापून घेते, तो तुमच्या पॅनवर दिसतोय का ते तपासत जा.

पण बाजारपेठेतल्या अप्पांवर कुणी पोर्टलवर तक्रार करत नाही. इथे सुगी बघावी लागते. सोयाबीन बाजारात आलं, की दसरा-दिवाळीच्या सुमाराला हात मोकळा असतो, तूर फेब्रुवारीत. मे-जूनमध्ये बियाणं-खताचे दिवस, तेव्हा मागितलं तर "पाऊस पडू द्या" हेच ऐकायला मिळतं. म्हणून मी दोनच वसुल्या करते : दिवाळीच्या आधी सहा महिन्यांची आणि मार्चआधी सहा महिन्यांची. बिल छापून, हातात, दुकानावर जाऊन. गर्दीच्या वेळी कधीच नाही. चार गिऱ्हाइकांसमोर पैसे मागितलेला माणूस पैसे देतो, पण पुढच्या महिन्यात फाइल उचलतो. सकाळी दुकान उघडून झाडलोट, दिवाबत्ती झाली की जायचं. पण पहिली बोहणी होईपर्यंत बिल पिशवीतच ठेवायचं.

बिल पुढे केल्यावर गप्प बसायला शिका. मला हे सगळ्यात अवघड गेलं. समोरचा आकडा बघतो, चष्मा काढतो, पुसतो. आपल्याला राहवत नाही आणि आपणच म्हणतो, "जमलं नाही तर थोडे कमी द्या." नाही म्हणायचं. पंख्याकडे बघायचं.

१०. हाताखाली माणूस

गिऱ्हाइकं ४० च्या पुढे गेली की एकट्याने होत नाही. कॉलेजमधली बीकॉमची मुलगी किंवा मुलगा घ्या, पगार बँकेतून द्या. पुरुषाचा पगार महिन्याला ७,५०० च्या वर आणि बाईचा २५,००० च्या वर गेला तर व्यवसाय कर कापावा लागतो, त्यासाठी पीटीआरसी नंबर वेगळा. गिऱ्हाइकांचे पासवर्ड कामाला ठेवलेल्या माणसाच्या खाजगी मोबाइलवर जाऊ देऊ नका. तो माणूस दोन वर्षांनी स्वतःचं ऑफिस टाकेल हे धरूनच चाला. मीही तेच केलं.

११. गिऱ्हाईक सोडून गेलं तर

फाइल अडवू नका, राहिलेल्या फीसाठीसुद्धा नाही. त्याच दिवशी टॅलीचा बॅकअप, रिटर्नच्या प्रती, मूळ कागद आणि पासवर्डचा कागद एका पिशवीत घाला आणि सगळ्याची यादी करून पोच म्हणून त्याची सही घ्या. बाकी फीचं बिलही त्याच पिशवीत, सगळ्यात वर. मग त्याच्यासमोरच पोर्टलवर पासवर्ड बदलायला लावा आणि नवा पासवर्ड टाइप करताना तुम्ही उठून पाणी प्यायला जा.